मदत हवी आहे: वॉर्डातल्या सिस्टर मुली पार थकल्यात, ड्युटीच्या रोस्टरमध्ये काय बदलू?

सरकारी रुग्णालयात मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. खाटा ३०, पेशंट कायम ४० च्या वर, उरलेले खाली गादीवर. नाइटला दोघीच. किती पेशंटमागे किती सिस्टर, याचे परिचर्या परिषदेचे निकष कागदावर वाचायचे आणि गप्प बसायचं.

दोन वर्षांपूर्वी आलेल्या मुली नातेवाइकांशी किती नीट बोलायच्या. आता त्याच खेकसतात. एक तर ड्युटी संपली तरी चेंजिंग रूममध्ये बसून असते, घरी जायचंही त्राण नाही म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटच्या तीन खुणा दिल्यात: गळून जाणं, कामाबद्दल कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. तिन्ही रोज बघते. हा आजार नाही, कामावरचा ताण आवरला न गेल्याने हे होतं, असंही तिथेच म्हटलंय. आमच्याकडे उपाय काय, तर योग शिबिर. तेही नाइट करून निघालेल्यांना सकाळी थांबवून!

भरती माझ्या हातात नाही, रोस्टर आहे. नाइट कशा लावता? आणि तरुण पेशंट गेला की त्या सिस्टरला थोडा वेळ बाजूला बसवायचं कसं जमवता? मनःशांतीचे सल्ले नकोत, वॉर्डात केलेलं सांगा.

प्रतिसाद:
ताई, मी आयसीयूतून निवृत्त झाले. शिफ्ट पुढे सरकवत न्या: मॉर्निंग, मग इव्हिनिंग, मग नाइट. उलटा क्रम झोपेला जड जातो. इव्हिनिंगला लागून दुसऱ्या दिवशीची मॉर्निंग कुणालाच लावू नका. घरी पोचून, जेवून, सकाळी सातला परत हजर व्हायचं तर झोपायचं कधी? रोस्टर महिनाभर आधी भिंतीवर लावा, अदलाबदल त्यांची त्यांना करू द्या. लग्नकार्य, मुलांच्या परीक्षा सांभाळता आल्या की निम्मी कुरकुर कमी होते, हा माझा अनुभव. बसून राहणाऱ्या मुलीशी मात्र आधी तुम्हीच बोला, आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर द्या. मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

धागाकर्ती:
इव्हिनिंग-मॉर्निंगची जोडी पुढच्या रोस्टरपासून बंद. तिच्याशी उद्याच बोलते. मृत्यूनंतरच्या त्या वेळाचं कुणी सांगेल का? दिवसा मी स्वतः उभी राहीन, पण नाइटला एक बाजूला बसली की ४० पेशंट एकटीवर. शेजारच्या वॉर्डातून कुणाला बोलावण्याची पद्धत कुठे आहे का? असेल तर मेट्रनबाईंकडे तुम्ही ते तोंडी मागितलं होतं की लेखी?