पिक्चर आणि पीएस५ (गेमचं प्लेस्टेशन) दोन्हीसाठी ५५ इंची टीव्ही कुठला?

बजेट ६० हजार. सोफा ७-८ फुटांवर, रात्री दिवे बंद करून पिक्चर बघतो आणि रविवारी भाऊ आला की पीएस५. १२० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा पडदा) खरंच लागतं का?

– लागतंच रे, पण खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नकोस, मी गेलो आणि फसलो, मोठ्या अक्षरात १२० लिहिलेलं आणि पॅनल निघालं ६० चं! एचडीएमआय २.१ (पीएस५ ची वायर लावायचं नवं पोर्ट) आणि व्हीआरआर (गेमच्या वेगाप्रमाणे पडद्याचा वेग जुळवणारी सोय) आहे का ते आधी बघ.

– अंधारात बघणार तर व्हीए पॅनलच (काळा रंग जास्त गडद दाखवणारा पडदा) घे, आयपीएस या दुसऱ्या प्रकारच्या पडद्यामध्ये वरखालच्या काळ्या पट्ट्या राखाडी दिसतात. बाजूला बसणाऱ्याला व्हीए जरा फिकं दिसतं एवढंच.

– आणि गेम मोड चालू कर, नाहीतर बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते.