नाशिकमध्ये अर्धवेळ केस मॅनेजरचं काम: घ्यावं की नको?

गोदाकाठ:

नमस्कार मंडळी. माझं एमएसडब्ल्यू (समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण) झालंय. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं पूर्णवेळ फिल्डवर होते, धाकटी झाल्यावर सोडलं. आता ती बालवाडीत जाते. सासूबाई म्हणतात, दुपारपर्यंत मी बघते, तू बाहेर पड. अशातच एका संस्थेकडून विचारणा आली. केस मॅनेजर, अर्धवेळ, सोमवार ते शुक्रवार सकाळी दहा ते दोन. एकल पालकांची मुलं, कामावरून सोडवून आणलेली मुलं आणि त्यांची घरं. वस्त्या फुलेनगर, सातपूर, शिवाय गिरणाऱ्याच्या बाजूची दोन-तीन गावं. पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात, आणि ते पूर्णवेळच्या निम्म्याहून कमीच आहे. केसेस किती असतील असं विचारलं तर म्हणाले, "तुम्ही या तर खरं, जमेल तसं बघू."

हे काम चार तासांत बसतं का हो? नवरा म्हणतो, "चार तास काम करशील आणि वीस तास त्याचाच विचार करशील." शिवाय पुढे पूर्णवेळ जायचं ठरवलं तर हा अनुभव कोणी धरतं का? ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा. "समाजसेवा आहे, पैशाकडे काय बघायचं" हा सल्ला नको, तो घरात फुकट मिळतो.

सिडकोवाली:

मी वयानं बरीच मोठी असणार, तेव्हा सरळ अगं म्हणते. अर्धवेळच करते, नाशिकमध्येच, आजही. तुझ्या नवऱ्याचं खरं आहे. पण तू तासांवर घासाघीस करू नकोस, फायलींवर कर. "जमेल तसं बघू" म्हणजे पहिल्या महिन्यात आठ कुटुंबं आणि दिवाळीपर्यंत तीस. आकडा आधी ठरवून घे आणि नेमणूकपत्रात लिहून घे.

एक फाईल किती खाते ते सांगते. बालसंगोपन योजनाच घे. नवरा गेलेली बाई, पदरात दोन मुलं. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत मुलामागे महिना २२५० रुपये मिळतात, म्हणजे तिच्या घराला मोठाच आधार. अर्जाला वडिलांच्या मृत्यूचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, रेशनकार्ड, सगळ्यांची आधारकार्डं, पासबुक आणि मुलांना घेऊन घरासमोर काढलेला फोटो. वाचायला अर्धा मिनिट लागतो.

माझ्याकडच्या एका घरात (तपशील बदललेत) नवरा सिल्वासाला कारखान्यात होता, तिथेच वारला. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, त्यामुळे दाखला तिकडून आणायचा. बाई कधी पेठरोडच्या पलीकडे गेलेली नाही. दीर सिल्वासातच, पण अंत्यविधीच्या खर्चावरून भांडण होऊन बोलणं बंद. म्हणजे दाखला हवा तर आधी दीर-भावजयीत बोलणं सुरू करून द्यायचं. दीर फोन उचलणार रात्री नऊनंतर, शिफ्ट सुटल्यावर. पहिल्यांदा उचलला तेव्हा मलाच दहा मिनिटं शिव्या घातल्या. मी ऐकून घेतल्या, मग त्यालाच विचारलं की भावाची मुलं कितवीत आहेत. गप्प झाला. दोन दिवसांनी त्यानंच दाखल्याचा फोटो पाठवला आणि अस्सल प्रत एसटीच्या पार्सलनं. फाईलमध्ये या सगळ्याची नोंद काय? "दूरध्वनीद्वारे फॉलोअप घेतला." दहा ते दोनच्या चौकटीत यातलं काय बसलं ते तूच बघ.

म्हणून रोजचे चार तास मला पटत नाहीत. तेवढेच तास तीन पूर्ण दिवसांत माग. चार तासांतला एक तास सिडकोहून फुलेनगरला जाऊन येण्यातच संपतो, द्वारकेच्या सिग्नलला अडकलीस तर त्याहून जास्त. आणि दिवस विचार करून निवड. सरकारी कार्यालयं २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा करतात, पावणेदहा ते सव्वासहा. त्यामुळे दाखल्याची, बालकल्याण समितीची, जिल्हा बाल संरक्षण कक्षाची कामं शनिवारी शून्य. पण अंबड-सातपूरच्या बऱ्याच कारखान्यांना सुट्टी शनिवारी, म्हणजे घरातला पुरुषमाणूस भेटतो तो त्याच दिवशी. आया काय, कधीही भेटतात. ज्याच्या सहीवाचून अडलेलं असतं तो बाप शनिवारीच सापडतो. बुधवारी गृहभेटी ठेवू नकोस, भाजी विकणाऱ्या बायका गंगेवर, म्हणजे गोदाघाटावर, बाजारात असतात, घराला कुलूप. मी मंगळवार, गुरुवार आणि शनिवार घेतलेत. शनिवार मागितला तेव्हा संस्थेच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या, कारण शनिवारी त्यांचंही ऑफिस बंद. नंतर त्यांनाच सोयीचं झालं.

तारखांची कामं वेगळी काढ. बाल न्याय कायद्यात मूल सापडलं की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं, आणि सामाजिक चौकशी अहवाल १५ दिवसांत व्हायला हवा. तो समिती संस्थेच्या कार्यकर्त्यालाही करायला सांगू शकते. १५ दिवस ऐकायला भरपूर वाटतात. आठवड्यात तीनच दिवस कामाचे असतील तर त्यातले सहा-सात तुझे. मूळ गाव सुरगाण्याकडचं निघालं तर एक दिवस नुसता जाऊन येण्यात जातो. अशा केसेस एका वेळी एकच घेईन असं सांग. मी सांगते, आणि ऐकतात.

फोनचं. कामाला वेगळं सिम घे, संध्याकाळी सातला बंद कर. पहिल्याच भेटीत प्रत्येक घरी १०९८ (मुलांसाठी), ११२ (तातडीच्या मदतीला) आणि १८१ (महिलांसाठी) हे नंबर भिंतीवर लिहून दे. कागदावर नको, कागद हरवतो, कोळशानं किंवा खडूनं भिंतीवरच. एक मात्र वेळेत बसवता येत नाही: मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची भीती असल्याचं कळलं, तर पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं तुझ्यावर बंधनकारक आहे. "माझी सुट्टी होती, सोमवारी बघते" हे चालत नाही, न कळवणं हाच गुन्हा आहे. अशा वेळी संस्थेत कोणाला फोन करायचा, त्याचं नाव आणि नंबर रुजू व्हायच्या दिवशीच विचार. उत्तर द्यायला कुणी चाचरलं तर मी तिथे रुजूच होणार नाही.

आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप! अर्धवेळवाल्यांना "अपडेट राहावं म्हणून" ग्रुपमध्ये घेतात आणि तिथे मुलांचे फोटो, नावं, शाळा सगळं धडाधड पडत असतं. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ वाच. मुलाची ओळख जाहीर केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ते कलम प्रामुख्यानं प्रसिद्धी माध्यमांसाठी लिहिलंय हे मलाही कळतं, तरी ग्रुपमधला फोटो कुठवर जाईल याची हमी कोण देणार? मी ग्रुपवर फक्त फाईल नंबर लिहिते. सुरुवातीला हसले सगळे.

पेठफाटा:

ताई, गिरणाऱ्याच्या बाजूची गावं म्हणालात म्हणून लिहितोय. मी त्याच पट्ट्यात पूर्णवेळ आहे. गिरणाऱ्याचा मजूर बाजार सकाळीच भरतो, पिकअपमध्ये बसून लोक द्राक्षबागांवर निघून जातात. तुम्ही दहाला पोचलात तर घरी म्हातारी, दोन कोंबड्या आणि "संध्याकाळी या" हे उत्तर. ऑक्टोबरात गोडी छाटणी सुरू झाली की पुढे द्राक्षं उतरेपर्यंत हेच, एप्रिलला पुन्हा खरड छाटणी. पेठ-सुरगाण्याची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर दिंडोरी-निफाडकडे मळ्यातच राहायला येतात आणि भात-नागलीच्या लावणीला परत जातात. केस इथे उघडायची आणि पावसाळ्यात घर पंचावन्न किलोमीटरवर, सावळघाटाच्या पलीकडे. शाळेचं बोनाफाईड कुठल्या शाळेचं, तर तिथलं. मूल मात्र मळ्यात. अशा घरांना मी एकतर सकाळी साडेसहाला गाठतो, नाहीतर अंधार पडल्यावर.

आता कडू बोलतो. सिडकोवाली ताईंचं सिम सातला बंद होतं, तेव्हा तो फोन कुणाला येतो? मला येतो. अर्धवेळच्या सहकाऱ्यांच्या केसेस माझ्या वहीत नसतात, पण त्या केसेसमधल्या बायका माझ्या दारात असतात. "त्या मॅडम आज नसतात म्हणे." मला त्या घराचं काहीच माहीत नसतं, आणि फाईल उघडावी तर शेवटची नोंद महिन्याभरापूर्वीची. अर्धवेळ घ्या, जरूर घ्या, पण निघण्याआधी नोंद लिहूनच निघा. ताजी नोंद असली तर मी रात्री दहाला पण बोलेन तुमच्या केसशी, तक्रार करणार नाही.

सिडकोवाली:

पेठफाटा, मान्य, आणि ही गोष्ट मी लिहायला हवी होती असं नाही, तुम्हीच लिहायला हवी होती, कारण ती भोगता तुम्ही. माझी सवय अशी की शेवटच्या घरातून बाहेर पडले की स्कूटरवर बसूनच तीन ओळी लिहायच्या: आज काय झालं, पुढची तारीख कोणती, मी नसताना कोणी आलं तर काय सांगायचं. ही तिसरी ओळ छापील नमुन्यात नसते, मी समासात लिहिते. घरी गेल्यावर लिहीन म्हटलं की कुकरची शिट्टी होते आणि राहिलंच.

पण सगळा भार तुमच्या डोक्यावर येतो याला अर्धवेळवाली जबाबदार, हे मात्र मानणार नाही. एका पूर्णवेळ जागेच्या जागी एक अर्धवेळ माणूस घेऊन फायली तेवढ्याच ठेवल्या की उरलेल्या फायली कोणाच्या तरी दारात जाणारच. भांडायचं तर दोघांनी मिळून वरती भांडूया.

आकडेमोड:

मी तुमच्या क्षेत्रातला नाही, बायको आहे, तिचे रिटर्न मीच भरतो. मानधनाचा करार सल्लागार म्हणून आहे की कर्मचारी म्हणून, ते बघा. सल्लागार दाखवलं की वर्षाची रक्कम मर्यादेवर गेल्यावर दहा टक्के टीडीएस कापतात. तुमचं एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर तो परत मिळतो, पण रिटर्न भरल्यावरच, आणि संस्थेनं कापलेला भरलाय का ते २६एएसमध्ये (आपल्या नावावर जमा झालेल्या कराच्या विवरणात) तपासून. आमच्याकडे एकदा कापला होता आणि भरला नव्हता, तो निस्तरेपर्यंत पुढचं वर्ष लागलं.

कर्मचारी म्हणून घेत असतील आणि संस्थेत वीस किंवा जास्त लोक असतील तर पीएफचं विचारा, अर्धवेळ आहात म्हणून तो आपोआप सुटत नाही. प्रवासखर्च मानधनाच्या बाहेर हवा. गिरणारे आणि सातपूर एकाच आठवड्यात असेल तर पेट्रोलच मानधन पिऊन टाकेल. अनुभवाच्या पत्रात "अर्धवेळ" शब्दाबरोबर हाताळलेल्या केसेसची संख्या आणि प्रकार लिहून घ्या. बायकोला पुढची नोकरी त्या ओळीवर मिळाली, तासांबद्दल कुणी विचारलंसुद्धा नाही.

गोदाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः पेठफाटा दादांचे, कडू बोललात ते बरं झालं. काल संस्थेत जाऊन आले. मी बारा कुटुंबांवर अडून बसले, पंधरावर तडजोड झाली, लेखी देतो म्हणालेत. तीन पूर्ण दिवस मान्य, पण सासूबाई संध्याकाळपर्यंत मुलीला सांभाळायला तयार नाहीत, त्यामुळे दोन दिवस पूर्ण आणि एक दिवस दुपारपर्यंत असं निघालं. शनिवार मिळाला. पॉक्सोबद्दल विचारलं तेव्हा समोरच्या बाईंनी क्षणात नाव आणि नंबर सांगितला, मला तिथेच बरं वाटलं. मानधन काही वाढवलं नाही, प्रवासखर्च वेगळा देणार आहेत. करार सल्लागाराचाच आहे, बदलत नाहीत. सही अजून केली नाही, नवऱ्याला कागद वाचायला दिलाय.

एकच राहिलं. गिरणाऱ्याच्या गावांना सकाळी लवकर जायचं तर सिटीलिंकच्या बसवर भरवसा ठेवावा का?

पेठफाटा:

गिरणाऱ्यापर्यंत ठीक. पुढच्या पाड्यांसाठी स्कूटर लागेलच. पावसाळ्यात दोन जोड चपला ठेवा डिकीत, आणि पहिल्या शनिवारी येणार असाल तर मला इथेच निरोप टाका, दोन-तीन घरं मी ओळख करून देतो.