चार धागे एकत्र केले, आता निस्तरता येईना – मदत हवी आहे

शेवंती

नमस्कार मंडळी,

इथे मी बहुतेक वाचनमात्र असते, पण आता अडले आहे म्हणून लिहिते. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

गच्चीवरच्या बागेचं एक छोटं संस्थळ आम्ही तिघं हौसेने चालवतो. पीएचपीबीबी ३.३ (चर्चेचे मंच चालवायची मोफत प्रणाली) वर आहे. सभासद नऊशेच्या आसपास, पण रोज लिहिणारे पंचवीस-तीसच. मी नियंत्रक. म्हणजे जाहिराती उडवायच्या, भांडणं सोडवायची आणि वर्षातून एकदा सर्व्हरचे पैसे भरायची आठवण करायची.

आमच्याकडे दर हंगामात तेच प्रश्न नव्याने येतात. जास्वंदीवर पांढरं काहीतरी आलंय, तुळस काळी पडतेय, मोगऱ्याला कळ्या धरत नाहीत. उत्तरं देणारी माणसं ठरलेली आहेत, जेमतेम दहा-बारा. तीही आता वैतागली आहेत. "शोधा म्हणजे सापडेल" असं एका ओळीत तोडून टाकतात आणि नवा माणूस परत फिरकत नाही. आमच्यातल्या दुसऱ्या नियंत्रकाचं म्हणणं, एक विषय, एक धागा. सारखे धागे दिसले की जोडून टाकायचे. मलाही पटलं होतं. कृषी पदवीधर असलेल्या एका सभासदाने कुंडीतल्या मातीवर तीन पानी प्रतिसाद लिहिला होता, तो अशा धाग्यात पडला होता की कुणाच्या नजरेलाच पडत नव्हता.

म्हणून १८ मार्चला मी कढीपत्त्याची पानं गळतात असे चार धागे जोडले. मथळे असे होते:

"एडिसनच्या थंडीत कढीपत्ता जगवायचाय" (न्यू जर्सी, नोव्हेंबरपासून चालू)
"कढीलिंबाची पानं पिवळी पडून झडताहेत" (पुणे, गेल्या पावसाळ्यातला)
"कढीपत्ता एका रात्रीत टकला!!" (ठाणे)
"गोडलिंब रुसलाय" (नागपूर, मार्चचा दुसरा आठवडा)

सगळ्यांचं मिळून झालं "कढीपत्ता – पानगळ (एकत्रित)". प्रतिसाद १७१. मला फार बरं वाटलं होतं. कपाट आवरल्यावर वाटतं तसं.

झालं काय, की जोडल्यावर सगळे प्रतिसाद तारखेप्रमाणे एकाखाली एक लागले. एडिसनच्या ताईंना मार्चमध्ये कुणीतरी लिहिलं होतं, "पाणी अजून महिनाभर अगदी कमी ठेवा, दहा-बारा दिवसांतून एकदा पुरे. झाड झोपलंय, मेलेलं नाही." ते तिथे बरोबरच होतं. थंडीत कढीपत्ता पानं टाकतो, घरात घेऊन पाणी आवरतं ठेवायचं असतं. पण एकत्र धाग्यात तो प्रतिसाद जाऊन बसला नागपूरच्या दादांच्या प्रश्नाच्या बरोब्बर खाली. त्यांनी तो आपल्यालाच आहे असं समजून पाळला. एप्रिलभर! नागपुरात!

मे महिन्यात त्यांनी फोटो टाकला. नुसती काडी. खाली एवढंच लिहिलं होतं, "तुमच्या सांगण्यावरून पाणी कमी केलं होतं जी."

सहा वर्षांचं झाड होतं. मी माफी मागितली, त्यांनी मोठ्या मनाने "जाऊ द्या" म्हटलं, पण मला काही ते जाऊ देता येत नाहीये. तर दोन प्रश्न आहेत:

पहिला, हे चार धागे परत वेगळे करता येतील का? उलट फिरवायचं बटण मला कुठे दिसत नाही.

दुसरा, मुळात धागे जोडावेत का? आमचे दुसरे नियंत्रक म्हणतात, ही एक चूक झाली म्हणून पद्धत चुकीची ठरत नाही. पुढच्या रांगेत "जास्वंदीवरचं पांढरं"चे नऊ धागे आहेत.

---

टिंब

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो.

बटण नाहीच. पीएचपीबीबी जोडताना प्रत्येक प्रतिसादाचा धागा क्रमांक बदलतं आणि जुन्या धाग्याची नोंद पुसून टाकतं. पण प्रतिसादाचा स्वतःचा क्रमांक तोच राहतो. हीच तुमची दोरी. १८ मार्चच्या आधीचा बॅकअप आहे का? असेल तर तो स्वतःच्या संगणकावर झॅम्प (घरच्या संगणकावर सर्व्हर चालवायची मोफत प्रणाली) टाकून उघडा आणि पोस्ट्सच्या तक्त्यातून "प्रतिसाद क्रमांक – धागा क्रमांक" एवढीच यादी काढा. मग चालू संस्थळावर नियंत्रक कक्षातून प्रत्येक जुन्या धाग्याचा पहिला प्रतिसाद निवडून वेगळा करा, त्याला नवा धागा क्रमांक मिळेल. उरलेले यादी बघून त्यात हलवा. शेवटी धागे रीसिंक करा, नाहीतर प्रतिसादांची संख्या चुकीची दिसेल.

थेट डेटाबेसमध्ये हात घालणार असाल तर आधी आजचा बॅकअप घ्या. हे वाक्य दोनदा वाचा.

जुने धागा क्रमांक मात्र मेले. कुणी व्हॉट्सॲपवर जुना दुवा पाठवला असेल तर "धागा अस्तित्वात नाही" दिसेल. सर्व्हरवर चार ओळी लिहून जुन्या क्रमांकावरून नव्याकडे पाठवता येतं. ते जमलं नाही तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

शेवंती

टिंब, खूप आभार. १५ मार्चचा बॅकअप तिसऱ्या नियंत्रकाच्या लॅपटॉपवर सापडला! होस्टिंगवाल्याकडे फक्त तीस दिवसांचे असतात, तिथे मिळाला नसता.

---

खडूस_म्हातारा

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. हा वाद आजचा नाही. युजनेटवर, म्हणजे वेबच्याही आधीच्या चर्चागटांवर, तेच प्रश्न पुन्हा पुन्हा यायचे, तेव्हा लोकांनी काय केलं? प्रश्न जोडले नाहीत. नेहमीच्या प्रश्नांची एक यादी उत्तरांसकट लिहून काढली आणि ती ठरावीक दिवसांनी पुन्हा टाकत राहिले. चर्चा जागच्या जागी, सार वेगळं.

पुढे २००८ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रॅमरांचं प्रश्नोत्तरांचं संस्थळ आलं. तिथले लोक दुसऱ्यांदा आलेल्या प्रश्नाला किती कडक वागतात हे प्रोग्रॅमर मंडळींना विचारा, अंगावर वळ असतील. पण तिथेही असा प्रश्न सहसा जोडत नाहीत. तो बंद करतात, वर पाटी लावतात की उत्तर तिकडे आहे, आणि प्रश्न तसाच ठेवतात. संस्थापकांपैकी जेफ ॲटवुड यांनी २०१० मध्ये यावर लिहिलं होतं, की थोडी पुनरावृत्ती हवीच, कारण एकच गोष्ट माणसं वेगवेगळ्या शब्दांत विचारतात.

तुमचंच बघा. नागपूरचा माणूस "गोडलिंब" म्हणून शोधणार, पुण्याची बाई "कढीलिंब" म्हणून. तुम्ही दोन्ही शब्द मथळ्यावरून घालवले आणि वर "पानगळ (एकत्रित)" असं सरकारी परिपत्रक चिकटवलं. "गोडलिंब रुसलाय" हा किती चांगला मथळा होता!

---

रानमोगरा

मी दुसऱ्या बाजूने सांगते. माझा धागा जोडला गेलाय (दुसऱ्या संस्थळावर, पाककृतींच्या). मी विचारलं होतं की नाचणीची भाकरी थापताना फाटते, आई आता नाहीये, कुणाला विचारू कळत नाही. सकाळी उठून बघते तर माझा प्रश्न "भाकरी – सर्व शंका" मध्ये एकोणिसाव्या पानावर. वर ज्वारीच्या पिठाच्या दळणावर भांडण चाललेलं, खाली तव्याच्या जाहिरातीवर. उत्तर आलं नाही. आलं असेल तर मला दिसलं नाही. परत नाही लिहिलं तिथे.

नियम म्हणून नियंत्रकाचं बरोबरच असेल. पण आपण दार वाजवावं आणि कुणी आपल्याला उचलून मंगल कार्यालयात नेऊन सोडावं, तसं वाटलं.

---

बटाटेवडा

सगळे जोडण्याच्या विरोधात दिसताहेत म्हणून उलटं सांगतो. ३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ. कोकणातल्या गाववाल्यांचा आमचा मंच आहे. मुंबईतली निम्मी मंडळी आणि आखातातली पोरं गावाकडची खबर शोधत होती. रायगडात फोन बंद, वीज नाही. दुपारपर्यंत सहा धागे. कुणाचं पत्र्याचं छप्पर एका धाग्यात, त्याच वाडीतला रस्ता बंद असल्याची खबर दुसऱ्यात, आणि त्याच घरातला मुलगा तिसऱ्यातच विचारतोय "आई-बाबांशी कुणाचा संपर्क झालाय का". मी सहाही धागे जोडले. तारीख-वेळेप्रमाणे लागले तेच बरं झालं. नऊ वाजता काय, बारा वाजता काय, सरळ वाचता आलं. त्या दिवशी जोडलं नसतं तर लोकांनी शिव्या घातल्या असत्या, आणि हक्काने घातल्या असत्या.

तेव्हा सरसकट वाईट म्हणू नका.

---

खडूस_म्हातारा

बटाटेवडा, मान्य. पण तुमच्या सहा धाग्यांत वादळ एकच होतं. शेवंतीताईंच्या चार धाग्यांत झाडं चार आहेत.

---

टिंब

नेमकं. आणि रोगही चार, असा माझा अंदाज. ताई, ठाण्याचं झाड एका रात्रीत टकलं कशाने झालं होतं?

---

शेवंती

अळ्यांनी! लिंबाच्या फुलपाखराच्या. कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला, त्यामुळे ती फुलपाखरं त्यावरही अंडी घालतात. लहानपणी अळ्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की पानाच्याच रंगाच्या, त्यामुळे कळतच नाहीत. तिथलं उत्तर होतं, हाताने वेचा आणि दुसऱ्या झाडावर सोडा.

पुण्याचं झाड पावसात कुंडीत पाणी साचून मुळं कुजल्यामुळे. एडिसनचं थंडीने. नागपूरचं मुळात उन्हाने आणि लहान कुंडीने, आणि मग माझ्यामुळे.

आता लिहिताना दिसतंय. गळलेलं पान तेवढं चौघांचं सारखं होतं.

जास्वंदीचे नऊ धागेही काल रात्री बसून वाचले. त्यातले पाच पिठ्या ढेकणाचे. तिथे साबणाचं पाणी, कडुनिंबाचं तेल आणि आधी मुंग्यांचा बंदोबस्त, कारण मुंग्याच त्याला इकडून तिकडे नेतात. दोन पांढऱ्या माशीचे. एकात तर कीड नव्हतीच, बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग पानांवर वाळले होते. नववा धागा म्हणजे आठव्याचीच नक्कल, बाईंनी बटण दोनदा दाबलं होतं.

---

टिंब

ती नक्कल बिनधास्त जोडा, त्यात काही बिघडत नाही.

बाकी आठांना हात लावू नका. वर एक नवा संकलन धागा काढा, "जास्वंदीवर पांढरं दिसलं तर आधी हे बघा". त्यात चिकट आहे का, उडतं का, पुसलं की जातं का, एवढं विचारून प्रत्येक उत्तरापाशी त्या-त्या धाग्याचा दुवा. धागा कुलूपबंद, संपादन फक्त तुम्हा तिघांना. तुमच्या कृषीवाल्या सभासदाचा तीन पानी प्रतिसादही असाच वर आणा. विकिपीडियावर दोन लेख जोडले तरी जुनं नाव पुनर्निर्देशन म्हणून ठेवतात. तुम्ही तेवढं तरी नक्की करा.

आणि नवा धागा काढताना गाव आणि महिना विचारणारा रकाना ठेवा. झाडांच्या संस्थळावर तो नसावा याचं मला आश्चर्य वाटलं.

---

रानमोगरा

आणि जोडायचंच असेल तर आधी धागाकर्त्याला एक व्यनि करा हो. "तुमचा धागा तिकडे हलवू का?" एवढंच.

---

शेवंती

प्रगती कळवते.

रविवारी बसून केलं. बॅकअपमधल्या यादीने बहुतेक प्रतिसाद आपापल्या घरी गेले. १५ मार्चनंतर आलेले एकूण ३८ हाताने वाचून लावले. मथळे जुनेच ठेवले. गोडलिंब पुन्हा रुसलाय. एडिसनच्या ताईंचा व्यनि आला, की आता नागपूरच्या उन्हाच्या सूचना येणं बंद झालं, त्याच वाचून जरा उबदार वाटायचं. (कृ.ह.घ्या., म्हणजे कृपया हलके घ्या, असं त्यांनीच लिहिलं होतं.) नागपूरच्या दादांना माझ्या कुंडीतली मुळापासून फुटलेली दोन रोपं कुरियरने पाठवतेय, पाऊस सुरू झाला की.

दुसरे नियंत्रक अजून रागावलेत. त्यांचं म्हणणं, संकलन धागे लिहायचे कुणी? प्रश्न रास्त आहे. जास्वंदीचा मी लिहिला, तीन रात्री गेल्या. गाव-महिन्याचा रकाना ते घालून देणार आहेत, म्हणजे बोलणं चालू आहे.

एकच प्रतिसाद उरलाय. १६ मार्चचा, म्हणजे बॅकअपनंतरचा आणि जोडण्याच्या दोन दिवस आधीचा. उद्धृत काही नाही, नाव कुणाचं नाही. लिहिलंय फक्त, "आंबट ताक घालून बघा." चारही धाग्यांत शोभतो. लिहिणाऱ्या काकांना विचारलं, तर त्यांनाही आठवत नाही. म्हणाले, "कुठेही टाका, ताकाने काही बिघडत नाही."

कुठे टाकू?

---

खडूस_म्हातारा

एडिसन सोडून कुठेही.