अनुभव धागा: भोंग्यावर चालणारं प्रचारगीत

मुंबईत प्रचाराची गाणी बांधणाऱ्या, वाजवणाऱ्या आणि मंजूर करून आणणाऱ्यांनी कामाचं तेवढं लिहावं. 'जरा जोशपूर्ण करा' एवढंच सांगणाऱ्यांनी नुसतं वाचावं.

मिक्सवाला
गाणं स्टुडिओत कितीही दणकेबाज वाटो, भोंग्यावर वाजवून बघा. भोंगा बास, म्हणजे खालचा जाड आवाज, गिळतो. ढोलाचा घुमारा जातो, टिपरीचा कडकडाट उरतो. म्हणून ताशा, हलगी, बेंजो पुढे आणि गायक त्यांच्याही पुढे. मिक्स मोनोतच, म्हणजे डावं-उजवं एक करून, ऐका. डावी-उजवीकडे पसरवलेला कोरस एकत्र आला की कधीकधी पातळ होतो. गिरगावच्या वाड्यांत भिंतीच आवाज परतवतात, वर रीव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमणं, ओतलं की शब्दांचा चिखल.

आता हिशोब. टेम्पो ताशी 10 किलोमीटरने गेला तर सेकंदाला पावणेतीन मीटर. खिडकीतल्या माणसाला अलीकडचे-पलीकडचे मिळून 120 मीटर शब्द कळले, तर त्याच्या वाट्याला 43 सेकंद. गाण्याचे चार अंतरे कोणासाठी लिहिता? नाव आणि चिन्ह दर 15 सेकंदांनी आलंच पाहिजे.

झीलकरी
शाहिरीत झीलकरी, म्हणजे मागचे साथीदार गायक, ओळीचं शेपूट उचलतात. कोरसला तेवढंच द्या, पदयात्रेतले कार्यकर्तेही आपोआप उचलतात. अपक्षाला चिन्ह मिळतं माघारीची मुदत संपल्यावर, त्यामुळे ट्रॅकमध्ये ती जागा मोकळी ठेवा. 'शिट्टी' चटकन बसते, 'गॅस सिलिंडर'ला ओळच नवी लागते.

कागदपत्रं
लोकसभा-विधानसभेला प्रसारणपूर्व प्रमाणपत्रासाठी नोंदणीकृत पक्ष आणि उमेदवारांनी किमान 3 दिवस आधी अर्ज करायचा, इतरांनी 7. सोबत ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रती आणि साक्षांकित संहिता. डबिंगच्या वेळी सुचलेला शब्द संहितेत नसला तर अडकलात. धार्मिक शब्द आधीच तपासा: 2024 मध्ये उद्धव ठाकरे यांच्या पक्षाच्या मशाल गीतातल्या 'हिंदू' आणि 'जय भवानी'वर निवडणूक आयोगाने बोट ठेवलं होतं.

चाल
गाजलेल्या चित्रपटगीतावर शब्द बसवणं स्वस्त नाही. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगळे. नव्याने वाजवून घेतलं तरी चालीचा हक्क शिल्लक राहतोच. काँग्रेसने 2009 साली 'जय हो'चे हक्क रीतसर विकत घेतले होते. तेवढा खिसा नसेल तर सरळ नवी चाल बांधा.

टेम्पो
रात्री 10 ते सकाळी 6 भोंगा बंद. वाहन परवान्याची मूळ प्रत काचेवर, झेरॉक्स नको. टेम्पो, भोंगा, गाणं सगळं उमेदवाराच्या खर्चात धरतात.