बाळ आवाज न करता हसतं, ते अंध आईला स्पर्शानं कसं कळवावं? सल्ला हवाय

राजारामपुरीची_नणंद
नमस्कार मंडळी. माझी वहिनी जन्मापासून अंध आहे. घरात पहिलं बाळ आलंय, आता तीन महिन्यांचं होईल. भूक लागलीय, झोप आलीय की पोट दुखतंय, हे तिला आम्हा सगळ्यांच्या आधी कळतं. पण बाळ तिच्याकडे बघून नुसतंच हसतं, आवाज काही नाही. मग आम्ही कुणीतरी ओरडतो, "अगं वहिनी, हसलं बघ!" तोवर ते हसून झालेलं असतं, आणि ओरडण्यानं दचकतं ते वेगळंच. परवा वहिनीच म्हणाली, "तेव्हाच्या तेव्हा माझ्या अंगाला कळलं पाहिजे."

चेहऱ्यावरचे भाव कंपनानं सांगणारं यंत्र असतं म्हणे. मिळतं का? दादा खर्चाला तयार आहे. आणि शेजारच्या काकी सारख्या म्हणतात, "आईला चेहरा दिसत नाही, तिच्या चेहऱ्यावर भाव येणार कुठले, आणि बाळ तरी हसायला शिकणार कसं?" त्यांना काय सांगू?

विद्यापीठरोड
यंत्राचं सांगतो, माझा अभ्यासाचा विषय जवळचा आहे. अमेरिकेत अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत २०१० च्या सुमारास एक हातमोजा केला होता. बोटांच्या मागच्या बाजूला १४ बारीक मोटारी, आणि प्रत्येक भावाला कंपनाची वेगळी नक्षी. नेदरलँड्सच्या ट्वेन्टे विद्यापीठानं २०१८ मध्ये कमरेच्या पट्ट्यावरचा प्रयोग छापला. टोपीवर कॅमेरा, संगणक समोरचा चेहरा वाचणार, आणि आनंद, दुःख, राग, भीती, आश्चर्य, किळस यांपैकी जो भाव असेल त्याच्या जागी पट्टा थरथरणार. माणसांना ती कंपनं ओळखायला लवकर जमली. अडचण संगणकाची होती. ठळक भावाचे फोटो त्याला वाचता येतात, पण साध्या गप्पांमधला चेहरा चकवतो. मांडीवर आडवं पडलेलं, हलणारं बाळ तर आणखी अवघड. हे सगळे प्रयोगशाळेतले नमुने. दादांना म्हणावं, पैसे राहू द्या.

मोबाईलवर मायक्रोसॉफ्टचं सीइंग एआय हे अंधांसाठीचं अॅप फुकट आहे. पण ते बोलून सांगतं, आणि फोटो काढेपर्यंत हसू टिकत नाही.

शाहूपुरी_कुंभारगल्ली
ताई, आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या गणपती करतात. शाडूचे तळहाताएवढे चार चेहरे करून देतो, हसरा, रडका, रागावलेला, दचकलेला. वहिनींनी हात फिरवून बघावं, गाल कुठं फुगतो, भुवई कुठं चढते. पैशाचं काढू नका.

रंकाळ्याचा_वारा
मी स्वतः जन्मांध आहे, मोबाईल बोलतो त्यावर हे लिहितोय. दादा, शाडूचे चेहरे जरूर द्या, मला लहानपणी मिळाले असते तर फार बरं झालं असतं. पण थांबलेल्या चेहऱ्यापेक्षा हलता चेहरा हाताला जास्त सांगतो. लेडरमन आणि क्लॅट्स्की या संशोधकांनी २००७ मध्ये हे तपासून दाखवलंय. म्हणून ताई, तुमच्या दादांनी वहिनींचा तळवा स्वतःच्या गालावर ठेवून हसावं. मग बाळाच्या गालावर वहिनींनी स्वच्छ धुतलेल्या बोटाची पाठ हलकेच टेकवून ठेवावी. अर्धं काम इथंच होईल, मधे कुणी लागणार नाही.

उरलेल्या वेळेसाठी अंगावरच्या खुणा ठरवा. फिनलंडमध्ये रिटा लाहटिनेन यांनी बहिरांध माणसांसाठी अशी पद्धत उभी केली. पाठीवर किंवा दंडावर स्पर्शानं सांगायचं, समोरचा हसतोय, मान हलवतोय, उठून गेला. आमच्या घरात बायको माझ्या खांद्यामागे बोटानं वर वळणारी कमान काढते, म्हणजे कुणीतरी हसलं. खदखदून हसत असेल तर पाचही बोटं तिथंच नाचवते. चार लोकांत बसलो तरी कुणाला पत्ता लागत नाही. खुणा थोड्याच ठेवा, आणि त्या वहिनींनीच ठरवू द्या, अंग त्यांचं आहे. एक मात्र कळकळीनं सांगतो. खूण चेहऱ्याची द्या, अर्थाची नको. "बाळाला राग आला" हे तुमचं मत झालं. "कपाळाला आठी पडली" एवढं कळलं की पुढचं आईला समजतं.

काकींना सांगा, २००४ च्या अथेन्स पॅरालिम्पिकमधल्या ज्युदो खेळाडूंचे फोटो तपासले, तर जन्मांध खेळाडूंच्या चेहऱ्यावर जिंकल्या-हरल्याचे भाव डोळस खेळाडूंसारखेच उमटले होते. ते कुणी बघून शिकलेलं नसतं. आणि लंडनच्या बर्कबेक कॉलेजनं अंध आईबापांच्या डोळस बाळांचा अभ्यास २०१५ मध्ये छापला. बाळं दुसऱ्याच्या नजरेकडे थोडं कमी लक्ष देत होती, बाकी वाढ व्यवस्थित होती. वहिनींचा आवाज आणि हात बाळाला ओळखीचे आहेत, ते त्यावरही हसेल.

राजारामपुरीची_नणंद
वहिनीला सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणते कमान चालेल, पण दूध पाजताना दंड नको, बाळाचं डोकं तिथंच असतं. आणि शाहूपुरीच्या दादा, रविवारी येऊ का?

शाहूपुरी_कुंभारगल्ली
या की. वहिनींनाच घेऊन या, माती ओली असतानाच हात लावू द्या. नाक-गाल त्या सांगतील तसं बदलून देतो.

रंकाळ्याचा_वारा
मग मानेखाली, दोन खांद्यांच्या मधे काढा. आणि घरात सगळ्यांनी एकाच जागी, एकाच दिशेनं काढायची. आजोबांनासुद्धा शिकवा.