कावळ्याच्या घरट्यातलं कोकीळ-पिल्लू: शेवटी उडून जायलाच हवं का?

लिंबोळी: परभणीकडच्या पहिली-दुसरीच्या लेकरांसाठी 24 पानांचं चित्रपुस्तक. बेत असा: कडुलिंबावर कावळ्याच्या घरट्यात कोकिळेचं पिल्लू. ‘काव’ करायला जातं, ‘कुहू’ निघतं, भावंडं हसतात, पान 22 वर ते कोकिळांत उडून जातं. शेवट खटकतो. घास भरवला कावळीनं, आणि ‘खरं घर’ जन्माचं? ‘तू कुणाचा’ हे गावात लेकराला विचारून झालेलंच असतं.

रानभूल: काहून खटकावा? पंख फुटले की पिल्लू जातंच, कावळा होत नाही. मायेपोटी घरट्यात कोंडलं तर ती थाप झाली. हां, युरोपातल्या ककूसारखं (कोकिळेचा नातलग पक्षी) घरट्यातली अंडी ढकलणारं पिल्लू काढू नका. आपलं सहसा ढकलत नाही. कावळ्याच्या पिल्लांआधी अंड्यातून निघतं, म्हणून जास्त घास पटकावतं.

पिनपट्टी: शेवट राहू द्या, पुस्तक चित्रात फसेल. डोमकावळा काढला तर आई काळी, पिल्लू काळं, लेकराला फरक दिसणार कुठून? घरकावळा घ्या, त्याची मान राखाडी असते. मधोमध पिन मारलेल्या पुस्तकात 12-13 हेच जोडपान (समोरासमोरची दोन पानं) अखंड कागदावर येतं. बाकीच्या जोडपानांचे दोन भाग वेगळ्या ठिकाणी छापले जातात, शिवणीत चित्र थोडं सरकतं. तिथं चोच-डोळा आला की पिल्लू तिरळं. घरट्याचं मोठं चित्र 12-13 वरच. पानाला 12-15 शब्द पुरे.

रानभूल: ‘कुहू’ तर मुळातच चुकलंय! ती साद मोठ्या नराची, पिल्लाची नाही. मादी गातच नाही, तिचं नुसतं ‘किक्-किक्’. रंग तपकिरी, अंगभर पांढरट ठिपके. ‘कोकिळा गाते’ हे कवितेपुरतं.

लिंबोळी: मग नायिकाच मादी करू. काव जमत नाही, कुहू कधी येणार नाही. आवाजावरून ओळख पटण्याचा खेळच संपला. जून-जुलैत लिंबोळ्या पिकतात, कोकीळ त्या खातात. कावळी भाकरीचा तुकडा आणते, ही लिंबोळी तोडते. पान 22 वर दोघी एकाच फांदीवर.

रानभूल: लिंबोळ्या खाण्याचं पटलं. पण पान 24 वर फांदीवर कावळी एकटीच हवी.

पिनपट्टी: एकटी ठेवा, पण उजवीकडे तोंड करून नको. पान 24 डावं असतं, चोच थेट शिवणीत जाईल.