‘ईश्वर’ म्हणत नाही म्हणून लेकराचा स्कार्फ अडवायचा का?

लेकीचा बाप, हिंगोली

काल दुधनाकाठ यांनी दुसऱ्या धाग्यावर लिहिलं की स्काऊट-गाईडच्या वचनात ‘ईश्वर’ आहे, ज्याला तो म्हणायचा नाही त्यानं गणवेश घालू नये, कुणी बळजबरी केलेली नाही. रात्रभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. म्हणून नवा धागा काढतोय, लांब झाला तरी वाचा.

माझी लेक सातवीत आहे. गेल्या महिन्यात तिची गाईडची दीक्षा होती. आदल्या रात्री तिनंच स्कार्फची घडी घातली आणि गादीखाली दाबून ठेवली. सकाळी सगळ्या पोरींचे स्कार्फ बाईंच्या टेबलावर ठेवले होते. एकेक पोरगी पुढं यायची, तीन बोटं वर करून वचन म्हणायची, बाई गळ्यात स्कार्फ घालायच्या. माझी लेक ‘मैं मर्यादापूर्वक प्रतिज्ञा करती हूँ’ इथून नीट म्हणत गेली, ‘ईश्वर’ला गप्प झाली आणि ‘अपने देश के प्रति’पासून पुन्हा सुरू झाली. आम्ही बौद्ध आहोत, ईश्वर मानत नाही. बाबासाहेबांच्या 22 प्रतिज्ञा आमच्या भिंतीवर आहेत आणि तिला त्या पाठ आहेत. बाईंनी परत म्हणायला लावलं, परत ती तिथंच थांबली. मग तिला बाजूला उभं केलं. टेबलावर शेवटी एकच स्कार्फ उरला. घरी आणला तेव्हा घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

आता मुद्दा. याच वचनाला टीप जोडलेली आहे की ‘ईश्वर’ऐवजी ‘धर्म’ म्हणता येईल. ही टीप मी लिहिलेली नाही, भारत स्काऊट्स आणि गाईड्सचीच आहे. मग ती पोरांना सांगत का नाहीत? स्काऊटचा तास शाळेच्या वेळेत, शिक्षकाचा पगार सरकारी, संघटनेला सरकारी अनुदान. पुढं राष्ट्रपती पुरस्कार मिळाला तर रेल्वे भरतीत स्काऊट-गाईडचा कोटा. एवढं सगळं सार्वजनिक पैशावर उभं असताना ‘नसेल पटत तर येऊ नका’ असं म्हणता येत नाही.

दुधनाकाठ

माझं अर्धंच वाक्य उचललंत. मी म्हटलं होतं, वचन ही शब्दाला जागण्याची गोष्ट आहे. जो तो आपापले शब्द गाळायला लागला तर वचन राहील कशात? ही चळवळ सुरू करणाऱ्या बेडन पॉवेलनं पहिल्यापासून ईश्वराप्रती कर्तव्य धरलं होतं. नुसता नेमबाजीचा क्लब काढला नव्हता त्यानं.

मी 1986 ला जालन्यात स्काऊट होतो. घरी देवधर्म फारसा नव्हता. पहाटेच्या थंडीत तंबूबाहेर उभं राहून दोनशे पोरांसोबत प्रार्थना म्हटली ती एवढ्या वर्षांनी आठवते. कुणबी, मारवाडी, मुसलमान सगळे एका रांगेत होतो. तुम्हाला त्यात धर्म दिसतो, मला त्यात एकत्र उभं राहणं दिसतं. तुमच्या लेकीला बाजूला उभं केलं ते वाईट झालं, मान्य. पण ती चूक त्या बाईंची आहे, वचनाची नाही.

निवृत्त स्काऊटमास्तर, लातूर

31 वर्षं पथक चालवलं. हे असले वाद तेव्हा नव्हते, तुम्ही लोकांनी आणलेत. 30 सप्टेंबर 1993 ला भूकंप झाला. दुसऱ्या दिवशी मी 14 रोव्हर, म्हणजे स्काऊटमधली मोठी पोरं, घेऊन किल्लारीच्या बाजूला गेलो. दगडमातीची घरं लोकांवर बसली होती. लाकडी माळवदाखालून माणसं काढायची, नाव लिहायचं, पाणी द्यायचं. कोण कुणाचा ईश्वर मानतो हे एकाही पोरानं विचारलं नाही. त्या दिवसात एका पोराचा बूट फाटला तर दुसऱ्यानं स्वतःचा दिला आणि अनवाणी फिरला. स्काऊटिंग ते आहे. तुम्ही एका शब्दावर भांडायलाव.

आणि भारत स्काऊट्स आणि गाईड्स 7 नोव्हेंबर 1950 ला झाली ती याचसाठी, की वेगवेगळे गट मोडून देशात एकच संघटना असावी. नेहरू आणि मौलाना आझादांनी त्यासाठी प्रयत्न केले. ती फोडू नका.

जुना संघनायक, परभणी

सर, किल्लारीला नमस्कार. पण आत्ताच्या शाळेत जाऊन बघा एकदा. आमच्याकडं स्काऊटचा तास म्हणजे मैदानातले खडे वेचणं आणि पाहुणे आले की कमानीपाशी टाळ्या वाजवणं. माझ्या पोरानं तीन वर्षं फी भरली, आजवर एक मुक्काम नाही. साधी गाठ बांधता येत नाही त्याला, मी घरी दोरी आणून शिकवली. वचनात ईश्वर की धर्म हे नंतर बघू, आधी स्काऊटिंग आहे का ते सांगा.

सायंतारा, जालना

हेच म्हणणार होते. माझ्या मुलीच्या गणवेशाला नऊशे गेले. एकाच दुकानातून घ्यायचा म्हणे. तो वर्षात दोनदा अंगावर चढला, 26 जानेवारी आणि 15 ऑगस्ट.

जुना संघनायक, परभणी

आणि पावती? पावती मागितली तर ‘जिल्ह्याला पाठवली’ म्हणतात.

प्रशिक्षित पण हताश, धाराशिव

मी शिक्षक आहे, स्काऊट मास्तरचं सात दिवसांचं शिबिर केलेलं आहे. राग आमच्यावर काढू नका. 58 पोरांचा वर्ग, निवडणुकीचं काम, पोषण आहाराच्या नोंदी, त्यात आठवड्याला एक तास. मुक्कामाला न्यायचं तर 58 घरांची संमतीपत्रं, गाडीचं भाडं स्वतःच्या खिशातून. गेल्या वर्षी ‘खरी कमाई’ ठेवली. पोरांनी भेळ आणि लिंबू सरबत विकलं, गल्ला मोजताना एका पोराचे हात थरथरत होते. आयुष्यात पहिल्यांदा कमावलेले 140 रुपये. त्या दिवशी शाळेत जीव होता. पण ते कुणी लिहीत नाही.

सायंतारा, जालना

सर, तुम्ही चांगले असाल. फीचा हिशोब तरी फलकावर लावा, एवढंच म्हणणं आहे.

लेकीचा बाप, हिंगोली

मी माझ्या लेकीबद्दल लिहिलं आणि धागा गणवेशाच्या दुकानात गेला. फीची लूट खरी आहे, तिच्यासाठी वेगळा धागा काढा, मी पहिली सही करतो. पण नऊशे रुपये गेल्याचं दुःख आणि तेरा वर्षांच्या पोरीला सगळ्यांसमोर बाजूला काढल्याचं दुःख एका तागडीत घालू नका.

आपा, बीड

मी गाईड कॅप्टन आहे, मुलींचं पथक चालवते. माझ्या पथकात निम्म्या मुली मुसलमान. पहिल्या वर्षी डोक्यावरच्या ओढणीवरून शिबिरात मला ऐकवलं, ‘गणवेश म्हणजे गणवेश’. मी म्हटलं, नांदेडचा शीख मुलगा टोपीऐवजी पगडी घालून रांगेत उभा राहतो तेव्हा गणवेश मोडतो का? गप्प झाले. पुढच्या वर्षीपासून कुणी बोललं नाही. वाद घालावा लागला, आपोआप काही झालं नाही.

प्रार्थनेचं म्हणाल तर त्यात ‘परमात्मा’ आहे, माझ्या मुली म्हणतात, त्यांना अडचण नाही. एक मुलगी म्हणत नाही, ओठ मिटून उभी राहते. मी तिच्याकडं बघतसुद्धा नाही. त्यातच सगळं आलं.

दुधनाकाठ

आपा, तुमचं वागणं पटतं. मग नियम बदलायची भाषा कशाला? समजूतदार माणूस नियमातच वाट काढतो.

विवेकवादी, लातूर

कारण समजूतदार माणूस प्रत्येक शाळेत नसतो, दुधनाकाठ. आणि ‘धर्म’ शब्दानं माझी अडचण कुठं सुटते? मी ईश्वर मानत नाही आणि धर्मही मानत नाही. माझ्या मुलानं काय म्हणायचं? ज्या इंग्लंडात 1907 ला ब्राऊनसी बेटावर पहिलं शिबिर झालं तिथं गर्ल गाईडिंगनं 2013 मध्ये वचनातला देवच काढला, आणि स्काऊट संघटनेनं 2014 पासून न मानणाऱ्यांसाठी वेगळं वचन दिलं. तिथं चळवळ बुडाली नाही.

निवृत्त स्काऊटमास्तर, लातूर

इंग्लंडचं आम्हाला सांगू नका. हिंदुस्थानात 1909 ला हीच चळवळ आणली तेव्हा फक्त गोऱ्यांच्या आणि अँग्लो-इंडियन पोरांना घेत होते. आपल्या लेकरांना दार बंद. ॲनी बेझंट, मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू यांनी वेगळी पथकं काढली तेव्हा आपली पोरं स्काऊट झाली.

लेकीचा बाप, हिंगोली

सर, हे तुम्हीच लिहिलंत. ‘तुम्ही आमच्यात बसत नाही’ असं सांगून दार लावलं होतं, आणि आपल्या माणसांनी ते सोसलं नाही. मग माझ्या लेकीनं का सोसायचं?

दुधनाकाठ

कातडीच्या रंगावरून दार लावणं आणि वचन पूर्ण म्हणायला सांगणं, दोन्ही एकच? पुरे करा. प्रत्येक गोष्टीत अन्यायच शोधायचा असेल तर चर्चाच नको.

अंबाजोगाईचा, सध्या पुणे

बोलायचं नव्हतं, पण ‘आमच्या वेळी वाद नव्हते’ हे ऐकवत नाही.

1988. जिल्हा मेळावा. बिनभांड्यांच्या स्वयंपाकाची स्पर्धा होती. आमच्या संघात आठ जण. मी रोडगे केले. आईकडून शिकलो होतो, कणीक घट्ट मळायची, गोवऱ्यांचा आर पडू द्यायचा, मग त्यात पुरायचे आणि वास आला की काढायचे. राख झटकून फोडले तेव्हा आतून पांढरी वाफ निघाली. वांगंही भाजलं होतं. परीक्षक येऊन चव घेतात, मग गुण देतात. सर आले, माझं आडनाव विचारलं, आणि म्हणाले, ‘मला आज उपवास आहे.’ शेजारच्या तंबूत जाऊन त्यांनी बट्टी खाल्ली, मी बघत होतो. संघातल्या पाच जणांनी पण हात लावला नाही. दोघांनी खाल्ले. त्यातला एक मुसलमान होता, दुसरा धनगर. तो अजून माझा मित्र आहे.

त्या संध्याकाळी शेकोटीभोवती सर्वधर्म प्रार्थना झाली. मी पण म्हटली. वाद नव्हता, सर, कारण मी बोललो नाही.

जुना संघनायक, परभणी

फीचं बोलणं बंद करतो. चुकलं माझं.

प्रशिक्षित पण हताश, धाराशिव

कायद्याचं एक सांगतो, कारण शाळेत आम्हाला हे कुणी शिकवत नाही. राज्यघटनेचं कलम 28(3): सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेतल्या विद्यार्थ्याला त्याच्या, आणि तो अल्पवयीन असेल तर पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षण किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. 1986 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बघा. केरळमधली तीन भावंडं राष्ट्रगीताला आदरानं उभी राहायची पण गायची नाहीत, शाळेनं काढलं, न्यायालयानं परत घ्यायला लावलं. आणि आपल्याकडं 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं नाशिकच्या एका शिक्षकाबाबत सांगितलं की प्रार्थनेला हात जोडायची सक्ती करता येणार नाही. राष्ट्रगीतालासुद्धा गप्प उभं राहणं चालतं, तर एका शब्दाला गप्प राहिलेल्या पोरीला बाजूला काढता येत नाही.

दुधनाकाठ

शाळा अनुदानित असेल, स्काऊट ही स्वतंत्र संघटना आहे. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयानं 2000 मध्ये बॉय स्काऊट्सना आपले सदस्य आपण ठरवायचा हक्क दिला.

विवेकवादी, लातूर

दिला. पण पुढचंही सांगा. बर्कली शहरानं सागरी स्काऊटांना बंदरात फुकट मिळणारी जागा बंद केली, भेदभाव करणाराला शहराचा पैसा नाही म्हणून, आणि 2006 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं ते योग्य ठरवलं. खासगी राहायचं तर खासगी खर्चानं राहा. आपल्याकडं तर शाळेची घंटा वाजवून तास घेतात.

दुधनाकाठ

ठीक आहे. अनुदान घेतलं की दार उघडं ठेवावं लागतं, एवढं मी मानतो. पण वचनातून ‘ईश्वर’ काढायला माझा विरोध राहील. ‘ईश्वर किंवा धर्म’ दोन्ही छापा, पोर निवडेल. त्यापुढं मी येणार नाही.

लेकीचा बाप, हिंगोली

मी सुरुवातीपासून तेवढंच मागतोय. काढा असं मी एकदाही म्हटलेलं नाही.

निवृत्त स्काऊटमास्तर, लातूर

कपाटातलं जुनं पुस्तक काढून बघितलं. टीप आहे. बारीक अक्षरात, वचनाच्या खाली. पेन्सिलनं माझ्याच हातच्या खुणा आजूबाजूला आहेत, त्या ओळीला नाही. 31 वर्षांत शेकडो दीक्षा दिल्या, ही ओळ एकाही पोराला वाचून दाखवली नाही. माझ्या पथकात बौद्ध पोरं होती. किल्लारीला आलेल्या चौदांत पण चार होती. त्यांनी काय म्हटलं असेल, मनात काय गाळलं असेल, मी कधी विचारलं नाही.

तुमचं सगळं मला पटलंय असं समजू नका. प्रार्थना एकत्रच व्हावी हे माझं मत आजही आहे. पण अंबाजोगाईच्या त्या मेळाव्यात मी होतो की नाही, ते मला आता आठवत नाही, आणि ते मला बरं वाटत नाही.

हिंगोलीकर, शाळेचं नाव इथं लिहू नका. मला खासगीत कळवा. मुख्याध्यापकांशी मी बोलतो, स्काऊटची माणसं माझं ऐकतील. लेकीला विचारा, पुन्हा वचन घ्यायचं आहे का तिला.

लेकीचा बाप, हिंगोली

विचारलं, सर. म्हणाली, ‘धर्म’ म्हणू देणार असतील तर घेईन, पण एकटीला बोलावून नको, सगळ्या पोरींसमोरच. स्कार्फ अजून तिच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात आहे. नंबर पाठवतो.